आठ पॉइंट नऊ

४ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फिजिक्स घे, डोकं उघडेल, असं तूच म्हणाला होतास. उघडलं. आता ते बंद कसं करायचं तेही कळव.

मंगळवारी लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, झोके मोजायचे, स्टॉपवॉचवर वेळ बघायची आणि त्यावरून पृथ्वी वस्तूंना किती जोरात खाली खेचते तो आकडा काढायचा. पुस्तकात तो ९.८ आहे. माझा ८.९ आला. तीनदा मोजलं, तीनदा तेवढाच. बाकीच्या चोवीस जणांचा बरोब्बर ९.८. त्यातल्या सहा जणांनी तर गोळा टांगलाही नव्हता, यालाच हुशारी म्हणत असावेत.

सरांनी माझ्या वहीवर सही केली नाही. म्हणाले, पृथ्वी चुकत नाही, तू चुकलीस, आकडा दुरुस्त करून आण. सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे बारावीचं वर्ष गेलंच. आई म्हणते, एवढ्याशा आकड्यासाठी काय अडून बसलीस, घरात खोडरबर आहे ना.

लोभ असावा. कमी भरला तर दुरुस्त करून पाठवावा.
तुझी भाची

११ ऑगस्ट

चि. अतिशहाणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिफ्टच्या मशीनरूममध्ये डबा खाताना वाचलं. भाचीने थेट पृथ्वीशी वाकडं घेतलं हे वाचून ऊर भरून आला. आमच्या घराण्यात आजवर फक्त शेजाऱ्यांशीच भांडणं झाली होती.

माझं ऐक, ९.८ लिहून मोकळी हो. मी वीस वर्षं लिफ्ट सांभाळतोय. तपासणीच्या फॉर्मवर कोणता आकडा शोभून दिसतो ते आम्हाला फॉर्म बघूनच कळतं. माझं काही अडलं नाही.

तरीही तू ऐकणार नाहीस, ताईचीच मुलगी आहेस. तर मग हे लक्षात घे. हात चुकला की दर वेळी निराळा चुकतो. तीनदा तोच आकडा येतो म्हणजे चूक बहुधा हत्याराची आहे. ते स्टॉपवॉच चांगल्या घड्याळाशेजारी दहा मिनिटं चालवून बघ. सरांना आधी बोलू नकोस. आधी सांगितलेलं कुठल्याच सरांना पटत नाही.

आशीर्वाद आहेतच, वापरून बघ.
तुझा मामा

२७ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

दहा मिनिटांत स्टॉपवॉच तीस सेकंद पुढे गेलं. त्या प्रमाणात वेळ कमी धरून गणित केलं तर माझा आकडा ९.८१ येतो. पृथ्वीची बिनशर्त सुटका झाली. अडकले बाकीचे, कारण प्रयोगशाळेत चालू स्टॉपवॉच ते एकच. त्याने मोजून ९.८ येऊच शकत नाही.

सरांना दाखवलं. त्यांनी स्वतः दहा मिनिटं लावून पाहिलं, मग पुन्हा लावून पाहिलं. नंतर कपाटातून मागच्या वर्षांच्या वह्या काढल्या. सगळीकडे ९.८ आणि खाली त्यांची सही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सगळ्यांच्या सह्या खोडल्या आणि म्हणाले की आकडे तुमचे खोटे होते, पण सही माझी होती. माझ्या वहीत ८.९ तसाच ठेवून खाली घड्याळाची चूक लिहायला सांगितली आणि सही केली.

चोवीस जणांना प्रयोग पुन्हा करावा लागतोय, त्यामुळे मी फारच लोकप्रिय आहे. बाकावरची मैत्रीण दुसरीकडे बसायला गेली. जिंकल्यावर बरं वाटतं म्हणतात ना मामा, ते कधी सुरू होतं?

आठवण ठेव. इथे सध्या कोणी ठेवत नाही.
तुझी भाची

९ सप्टेंबर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

ते कधी सुरू होतं, मला माहीत नाही. तुझं पत्र आल्यापासून मीच झोपलेलो नाही.

ब्रेक लागल्यावर लिफ्ट किती घसरते, तो आकडा दर महिन्याला फॉर्मवर लिहायचा असतो. मी मागच्या महिन्याचा उतरवतो. मागच्या महिन्याचा त्याच्या मागच्या महिन्यावरून उतरवलेला असतो. गुरुवारी नऊ मजल्यांच्या इमारतीत पहिल्यांदा टेप लावून मोजलं. नियमात जेवढं चालतं त्याच्या तिप्पट घसरली. ब्रेकचे पट्टे झिजून कागद झाले होते. त्यातून रोज शाळेची पोरं खालीवर करत होती.

लिफ्ट बंद केली. नवे पट्टे यायला बारा दिवस आहेत. साहेब म्हणाले, तोवर जुनाच आकडा लिहा. मी नाही म्हणालो आणि माझ्याच आवाजाने दचकलो. आता आठव्या मजल्यावरचे वकील रोज जिना उतरून धापा टाकत विचारतात, इतकी वर्षं चालणारी लिफ्ट आजच कशी बिघडली. मी सांगतो, बिघडलेली आधीच होती, मोजली आज.

माझ्याकडे आणखी अकरा लिफ्ट आहेत. सोमवारपासून टेप घेऊन निघतोय. ताईला इतक्यात सांगू नकोस, नोकरी राहते का ते बघू दे.

माझी माया तुझ्यावर पूर्ण आहे. एवढा एकच आकडा न मोजता लिहितोय.
तुझा मामा