साडेचारशेचा वेग आणि परातीतली बाटली

९ एप्रिल २०००, रविवार

आजही हरलो! समोरच्या गल्लीत क्लास चालवणाऱ्या विरूपाक्ष सरांनी आजच्या टेस्टचा निकाल आजच संध्याकाळी बोर्डावर लावला. आमच्या क्लासचा लागेल मंगळवारी. पालकांना वाटतं, ज्याचा निकाल आधी त्याचं फिजिक्स पक्कं. लातुरात शिकवणं राहिलं बाजूला, निकाल लावायचीच शर्यत सुरू झाली आहे.

सगळा दोष कॉम्प्युटरचा. तीनशे मेगाहर्ट्झ! बैलगाडी नुसती. विरूपाक्षकडे नवाकोरा, दुप्पट वेगाचा. मला नवा घेणं शक्य नाही, होतं नव्हतं ते घराच्या स्लॅबमध्ये गेलं. आणि ज्या आईसाठी एवढा मजबूत स्लॅब घातला, ती त्याच्याखाली आजतागायत आलेली नाही!

१० एप्रिल

वकारला फोन केला. कॉलेजपासूनचा दोस्त, आता नांदेडात कॉम्प्युटरचं दुकान आणि जगभरची अक्कल. म्हणाला, "नवा कशाला घ्यून राहिलात, आनंदसर? तुमच्या प्रोसेसरवर तीनशे लिहिलंय, पण अंगात जोर साडेचारशेचा हाय त्याच्या. फक्त वेग वाढवला की तापतो. थंड ठेवा, अन् एकेक पायरी चढवा. सबर पाहिजे, सबर!"

फोन ठेवला तेव्हा माझाच वेग साडेचारशे झाला होता.

१२ एप्रिल

आईला म्हटलं, नवी खोली बघ तरी. गार आहे. "बघितली की," म्हणाली. खिडकीतून!

त्र्याण्णवच्या भूकंपापासून हे असं. त्या पहाटे ती अंगणात होती, बाबा आत. तिला आत धावायचं होतं, शेजाऱ्यांनी धरून ठेवलं. नंतर गाव सोडलं, मी इथं क्लास काढला, घर बांधलं. ती म्हणते, "सिलॅपाचा भरोसा न्हाई." मग घराच्या भिंतीला लागून पत्र्याचं शेड मारून दिलं. उन्हाळ्यात तव्यावर बसल्यासारखं होतं तिथं. मला वर्गात शिकवताना मधेच ते आठवतं आणि लाज वाटते.

शेडमध्ये, भिंतीला ठोकलेल्या फळीवर तिची स्टीलची परात आहे. परातीत काचेची बाटली, तोंडावर उलटी उभी. जमीन हलली की बाटली पडणार, परात वाजणार. भूकंपानंतर आमच्या गावात बऱ्याच घरांत अशा बाटल्या होत्या. मी म्हटलं, तू तर पत्र्याखाली, तुला कशाला पाहिजे बाटली?

"मला कशाला? तुमाला भाईर काढायला."

१६ एप्रिल, रविवार

निकाल हरलो. कॉम्प्युटर उघडला. आत एवढी धूळ, की एक उशी भरून झाली असती! बुद्धप्रियाने स्वयंपाकघरातून बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे झाडलंत तरी निम्मं काम होईल." बायकोला विज्ञान कळत नाही. (झाडलं. सहा अंशांनी थंड झाला. तिला सांगितलं नाही.)

१९ एप्रिल

वकारने नांदेड-लातूर एसटीच्या ड्रायव्हरकडे सामान पाठवलं. पात्यापात्यांचा अॅल्युमिनियमचा ठोकळा – प्रोसेसरची उष्णता शोषून घेतो – त्यावर बसणारा पंखा, आणि ठोकळा व प्रोसेसर यांच्यामध्ये लावायची पेस्टची नळी. पेस्ट सढळ हाताने लावली. ठोकळा दाबला तर चारी बाजूंनी बाहेर! बुद्धप्रिया म्हणाली, "पोळीवर तूप वाढताना इतका हात सैल सोडत नाही तुम्ही."

वकार फोनवर ओरडलाच. "याऽऽ अल्ला! तांदळाच्या दाण्याएवढी, सर! पातळ! जास्त लावली की उलटा गरम होतो." पुसली. परत लावली. कोपरापर्यंत पांढरा झालो होतो, तसाच अकरावीच्या बॅचवर गेलो. कुणी हसलं नाही, खडू समजले.

२२ एप्रिल

३३८!! पहिली पायरी चढलो. वकारचा नियम – पायरी चढली की दिवसभर नुसती आकडेमोड करायला लावायची. अडखळला नाही तरच पुढची पायरी. अडखळला नाही. मी मात्र दिवसभर समोर बसून दोनदा जेवायचा विसरलो.

२५ एप्रिल

३७५ वर लटकला. तपमान चढतच चाललंय. वकारने विचारलं, हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर पडते? म्हटलं, जाते कुठून तरी! म्हणाला, "उदबत्ती लावून धूर बघा."

उदबत्ती घेऊन कॉम्प्युटरभोवती फिरवत होतो तेवढ्यात खिडकीत आई. बराच वेळ बघत होती.

"पूजा मांडली व्हय रं यंत्राची? बुद्धाम्होरं तर एक काडी लावायला येळ न्हाई तुला."

धूर मागच्या पंख्यातून आत जात होता. म्हणजे धूळ झाडून परत लावताना पंखा मीच उलटा बसवला होता! गरम हवा बाहेर फेकायची सोडून परत आतच कोंबत होता बिचारा. एमएस्सी फिजिक्स, प्रथम श्रेणी.

२९ एप्रिल

पंखा सुलटा. ३७५ पास. पण साडेचारशेला अजून जोरदार हवा पाहिजे, आणि बाहेर बेचाळीस अंश. मग सुचलं! बुद्धप्रियाच्या स्वयंपाकघरासाठी आणलेला एक्झॉस्ट फॅन खोक्यातच पडून आहे. तो कॉम्प्युटरच्या मागे भिंतीत बसवायचा, मध्ये तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा बोगदा. गरम हवा थेट अंगणात!

"आणि माझ्या फोडणीचा धूर?" बुद्धप्रिया.

म्हटलं, फोडणी तात्पुरती आहे, प्रगती कायमची. आज जेवायला कालची भाकरी होती.

४ मे

४५०!!! चढला, टिकला! एक्झॉस्ट नुसता घुमतो – घुंऽऽ – सगळी भिंत गाते. अंगणात त्याच्या तोंडापुढं आईने बाज आणून टाकली आणि सांडगे घातले. "वारं बरं सुटतंय," म्हणाली. माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा शोध, आणि त्यावर मुगाचे सांडगे वाळतायत.

म्हटलं, आत येऊन बघ ना एकदा, स्क्रीनवर आकडे कसे पळतात. म्हणाली, "आकडे हितं ऐकू येतात. रातंदिस घुमतंय, पाठ झालंय मला."

७ मे, रविवार

अरेरे!

हॉलमध्ये टेस्ट सुरू होती, मी आत खोलीत. एकदम ठण्ण! परात! आणि आईची आरोळी – "भाईर पळाऽऽ!" सगळी पोरं उत्तरपत्रिका घेऊन अंगणात. बुद्धप्रिया हातात उलथनं घेऊन अंगणात. मी कॉम्प्युटर उचलून अंगणात यायला निघालो, वायर होती तेवढाच आलो.

जमीन ढिम्म. मग माझ्याच लक्षात आलं. भिंत एकच, फळी त्याच भिंतीला. एक्झॉस्टच्या थरथरीने बाटली सरकत सरकत पडली! तोवर सगळ्या पोरांनी अंगणात उभ्या उभ्या उत्तरं जुळवून घेतली होती. टेस्ट रद्द करावी लागली. विरूपाक्षचा निकाल लागला, आमची टेस्टच नाही.

८ मे

आईला म्हटलं, फळी दुसरीकडं ठोकू. म्हणाली, "तुजा पंखा ठोक दुसरीकडं. बाटली आधी आली हाय."

पंख्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. थरथर कमी.

११ मे

बाटली पडली. अर्धी पोरं बाहेर आली.

१४ मे, रविवार

बाटली पडली. एकही पोरगं उठलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सरांचा पंखा हाय, लिहा." बुद्धप्रियाने पोळी उलटली, बास. आई एकटी अंगणात उभी राहून हाका मारत होती. मी खिडकीतून ओरडलो – काही नाही गं, पंखा!

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि शेडमध्ये बाटली उभी करायला गेली.

निकालसुद्धा नाही लागला. कॉम्प्युटरने गुणानुक्रम भराभर लावला, पण प्रिंटर किर्र किर्र करत दोन तास कागद खात बसला. बुद्धप्रिया शांतपणे म्हणाली, "अहो, पहिल्यापासून वेळ प्रिंटरलाच लागतोय ना?"

पान उलटवतो.

१७ मे

विचार केला. प्रिंटरचा वेग वाढवता येतो का, हे वकारला विचारलं. तो इतका हसला, की मीच फोन ठेवला.

२१ मे, रविवार

आजचं सगळं सावकाश लिहितो.

जेवण झालं. प्रिंटरला फाटा – आज निकाल हाताने लिहून लावायचा, बुद्धप्रियाची युक्ती. ती हॉलमध्ये टेस्टवर बसली. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटर आकडेमोडीला लावला आणि सतरंजीवर आडवा झालो. कधी नव्हे ती गाढ झोप लागली. एकदम शांत.

जाग आली ती कुणीतरी सदऱ्याला धरून ओढत होतं म्हणून. "ऊठ, आनंदा! ऊठ रं! भाईर चल!" घामाने निथळत होतो. अर्धवट झोपेत ओढत ओढत अंगणात आलो. आई परत फिरली, दारातून हॉलमध्ये ओरडली, आणि एकेक करत बुद्धप्रिया व पोरं हसत, वह्यांनी वारा घेत बाहेर आली. "सरांचा पंखा, आजी, सरांचा पंखा!"

मीही हसलो. म्हटलं, अगं आई, दरवेळी तेच –

आणि थांबलो. ती मला कुठून घेऊन आली होती?

अनवाणी होती. पदर खोचलेला. आतल्या खोलीपर्यंत गेली होती, दोन दारं ओलांडून, पुऱ्या स्लॅबखालून! तिने वळून घराकडं बघितलं. मग मला विचारलं,

"म्या आत गेल्ते व्हय?"

मला रडू आलं. पोरांसमोरच.

दिवे लागेपर्यंत तिच्याजवळ बाजेवर बसून होतो. मध्येच एकदा आत डोकावलो, कॉम्प्युटर बंद पडलेला. शेवटी साडेचारशे सोसलं नाहीच त्याला. हातसुद्धा लावला नाही. एका खोट्या भूकंपासाठी मी तिला त्या स्लॅबखाली जायला लावलं. उद्या एक्झॉस्ट काढतो, बुद्धप्रियाच्या फोडणीला देतो, आणि वेग पुन्हा तीनशे. विरूपाक्ष जिंकू दे.

२२ मे

एक्झॉस्ट काढला. आईला म्हटलं, झालं, आता तुझी बाटली उगाच पडायची नाही.

ती सांडगे उलटत होती. वर न बघता म्हणाली, "काल कुठं चालू हुता तुजा पंखा? तुमची जेवणं झाली आन् लाईट गेली, ती दिवे लागायला आली. पंखा घुमत न्हवता आन् बाटली पडली. मंग म्या काय भाईर थांबावं?"

बाटली मीच परातीत परत उभी करायला गेलो. तोंडावर उभी करता करता दोनदा पडली. दोन्ही वेळा सगळे बाहेर आले.