फोन कोरा केला त्याची हकीकत

वारूळवाडी,
कोजागरीनंतरचा शनिवार

राजमान्य राजश्री भगवंतराव पाव्हणे, मुक्काम डिंभे, यांस वारूळवाडीहून गेणभाऊचा रामराम.

आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तुमची, घरच्या मंडळींची आणि गाभण होती त्या गाईची (आता ती व्याली असेल) खुशाली कळवावी. सतरा महिन्यांनी माझं अक्षर बघून तुम्ही पत्र उलटंपालटं कराल आणि कोणी गेलं की काय म्हणून आधी शेवटची ओळ वाचाल, तर तसं काही नाही, सगळे आहेत. माझा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण आपल्या घराला जिना नसल्यामुळे त्रास नाही. साळुबाईची (तुमची बहीण, विसरला नसाल तर) तब्येतही बरी आहे. गेल्या भाऊबीजेला तिनं ओवाळायचं ताट केलं, दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसली आणि मग अंगणात जाऊन चंद्राला ओवाळून आली. जिला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळावं अशी आपल्यात रीत आहे. चाळीस किलोमीटरवर धडधाकट भाऊ असताना चंद्राला ओवाळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. हे आपलं ओघात आलं म्हणून लिहिलं, पत्राचा विषय तो नाही.

विषय माझ्या मोबाईलचा आहे. तुम्हाला कळून आनंद वाटेल की, अँड्रॉइड फोन कारखान्यातून आला तसा कोरा करण्याच्या विद्येत सध्या वारूळवाडीत माझ्याइतका जाणकार दुसरा नाही. (फॅक्टरी रिसेट म्हणतात त्याला. इंग्रजी शब्द आहे, पण करणारा मराठी असला तरी होतं.) मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय, या बुधवारी ते करून दाखवलं. दादाभाऊ तिथे होते, पण ते नुसते बघायला. चुलतभाऊ असल्यामुळे माझं काही बिघडत असेल तर ते बघायला येतातच.

आता फोन कोरा का करावा लागला, तर तो अडकायचा म्हणून. पाच वर्षांचा फोन, पोट भरलेलं, एक बटन दाबावं तर चहा पिऊन होईस्तोवर उघडायचा नाही. याचा सर्वांत मोठा फटका तुम्हालाच बसला आहे, त्यामुळे जास्त सांगायला नको. तेजस्विनीच्या लग्नात सत्काराच्या नावांची यादी मी त्याच फोनमध्ये केली होती. माईकवाल्यानं सतरा नावं वाचली, सतरा जणांना टॉवेल-टोपी मिळाली. दूध डेअरीच्या माजी चेअरमनला मिळाली, त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला मिळाली, आणि अठराव्या नावाला फोन अडकला. अठरावं नाव तुमचं, म्हणजे नवरीच्या सख्ख्या मामाचं. तुम्ही मंगलाष्टकांना तिच्या मागे उभे राहिलात, अक्षता पडेपर्यंत हललाही नाहीत, आणि मग न जेवता एसटी धरलीत. त्यात यंत्राचा दोष होता हे मी तुम्हाला त्याच दिवशी फोन करून सांगितलं. त्या फोनवर आपण दोघं आणखी काय काय बोललो ते लिहीत नाही, पोस्टमनही पत्र वाचतात.

असो. अशी कामं करण्याची एक पद्धत असते. आपण घर सारवायला काढतो तेव्हा आधी भांडी बाहेर काढतो, तसंच. मी एक व्हिडिओ तीन वेळा बघितला. त्यातला माणूस उत्तम समजावून सांगतो, पण मध्येच जाहिरात लागायची, ती मी बोटानं पुढे ढकलायचो. फोन पूर्ण चार्ज पाहिजे, नाहीतर काम अर्धवट असताना मान टाकतो, म्हणून दिवसभर लावून ठेवला. सिमकार्ड बाहेर काढून साळुबाईच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवलं (ते नंतर लाल झालं, पण चालतं). पिन बदला, कोणालाही ओळखू येणार नाही असा टाका, असंही तो म्हणाला. मी टाकला. माझ्यासकट कोणालाही ओळखू आला नाही. बोट लावलं की फोन उघडायचा, पण त्याला पुसायला निघालो की म्हणायचा, पिन सांगा. घरात यायला ओळखीचा माणूस चालतो, पण घर विकायला सातबारा लागतो, तसलाच हा नियम, आणि खरं सांगायचं तर मला तो पटला.

मुख्य काम म्हणजे आतल्या वस्तू सुरक्षित जागी हलवणं. व्हिडिओवाला म्हणाला की, आपले फोटो ढगात ठेवा. आता माझी वस्तू मी ढगात कशाला ठेवू, तिथे माझ्या ओळखीचं कोण आहे? आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वस्तू ठेवतात ती भावकीत. मुंबईला जाताना लोक किल्ल्या कुठे देतात? भांडणं असली तरी भावकीतच देतात. म्हणून मी फोनमधले सगळे फोटो आमच्या भावकीच्या ग्रुपवर पाठवले. चारशे बारा फोटो, दोन तास लागले. माझं सोडून एक्केचाळीस घरं आहेत ग्रुपमध्ये, म्हणजे एकेका फोटोच्या एक्केचाळीस प्रती झाल्या. याहून सुरक्षित काय असणार ते मला सांगा.

त्यात दादाभाऊंच्या म्हशीचे अठरा फोटो होते हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. ती म्हैस मी गुरांसाठी लावलेल्या घासात शिरायची, म्हणून मी वेळोवेळी पुरावा काढून ठेवला होता, समोरून, बाजूनं, तोंडात घास असताना. भावकीसमोर हे प्रकरण काढायचं तर नीट पंच बसवून काढायचं असा माझा विचार होता. ते असं जत्रेच्या फोटोंमधून सगळ्यांपुढे गेलं. दादाभाऊ चिडतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी फक्त 'छान' असं लिहिलं. पुढे कळलं की त्यातला बाजूनं काढलेला फोटो त्यांनी बेल्ह्याच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला दाखवला आणि म्हैस चांगल्या भावानं गेली. तब्येत कशी काय एवढी, असं व्यापाऱ्यानं विचारल्यावर म्हणाले, "घरचा घास खाती, पावणं." बाकीच्या चाळीस घरांनी मात्र फोन जड झाले म्हणून संध्याकाळच्या आतच माझे सगळे फोटो काढून टाकले. धोंडाबाईंनी तर ग्रुपच सोडला. म्हणजे आज माझ्या चारशे बारा फोटोंपैकी अठरा शाबूत आहेत आणि ते सगळे म्हशीचे आहेत. एवढी वस्तू वाचली हेही थोडं नाही.

पिन आठवत नसेल तर बटनं दाबूनही फोन कोरा होतो, हे मला आधीपासून ठाऊक असावं, कारण दादाभाऊंनी सांगितल्याबरोबर मला ते पटलं. फोन बंद करून आवाजाचं बटन आणि चालू करायचं बटन एकदम दाबून धरायचं. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक यादी येते. आवाजाच्या बटनानं एकेक पायरी खाली उतरायचं आणि बरोबर ओळीवर थांबायचं. साळुबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आवं, पुन्यांदा इचार करा. गेलेलं माघारी येत न्हाई." मी म्हणालो, विचार करूनच बसलोय. आणि दाबलं.

काम चोख झालं. फोन उघडला तो नवरीसारखा. त्यानं मला नमस्कार केला, भाषा विचारली, मी मराठी सांगितली, आणि मग विचारलं की तुम्ही कोण. पाच वर्षं माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिला, माझा घाम प्याला, आणि मला विचारतो तुम्ही कोण. मी नाव घातलं तर म्हणे या फोनवर आधी जे गूगल खातं होतं त्याचा पासवर्ड सांगा. मग मी नारायणगावात मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोन हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, आदी खातं काढायचं आसतं, मंग फोन पुसायचा. चोरानं नेला तर त्याला वापरता येऊ नये म्हणून ही कडी हाये." मी म्हणालो, मी चोर नाही. तो म्हणाला, "त्ये मला दिसतंय, फोनला कसं दिसणार?" खातं काढायची ही पायरी व्हिडिओत बहुतेक जाहिरातीच्या पुढेमागेच असावी. बाकी सगळं माझं बरोबर होतं हे त्यानं कबूल केलं, निदान नाही म्हणाला नाही.

तेजस्विनी एका दिवसासाठी येऊन गेली. तिनं फोन बघितला, हसली, आणि मदत न करता परत गेली. तर अशी हकीकत आहे. फोन उत्तम आहे, हलका झाला आहे, मुळीच अडकत नाही. (उघडतच नाही, त्यामुळे अडकायचा प्रश्न येत नाही.) तुम्हाला कधी फोन कोरा करायचा झाला तर मला विचारल्याशिवाय हात लावू नका. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, व्यालेल्या गाईच्या वासराला पेंड.

तुमचा,
गेणभाऊ

ता.क. — एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. पासवर्ड विसरला असाल तर, फोन म्हणतो, तुमच्या खात्याला जोडलेल्या नंबरवर सहा आकडे पाठवतो, ते आणून द्या. तो नंबर पूर्ण दाखवत नाही, नुसती टिंबं, आणि शेवटचे दोन आकडे, ४७. सत्तेचाळीस दिसल्याबरोबर मी ओळखलं. ते सिम घेतलंत तेव्हा स्वातंत्र्याच्या सालाचा नंबर मिळाला म्हणून तुम्ही महिनाभर सांगत होता. पाच वर्षांपूर्वी हा फोन घ्यायला आपण दोघं गेलो होतो, माझं सिम अजून चालू झालं नव्हतं, आणि तुम्ही म्हणालात, "टाका माजाच नंबर, दाजी. आपुन काय येगळं हाये का?" तो टाकलेला आहे. तेजस्विनी हेच बघून हसली. म्हणाली, मामाचा नंबर आहे, मामालाच विचारा.

आणखी ता.क. — ते सहा आकडे पत्रानं पाठवू नका. ते थोड्या मिनिटांत शिळे होतात असं दुकानदार सांगतो, आणि आपलं टपाल आठ दिवस घेतं. तुमचा फोन आणि माझा फोन शेजारी शेजारी ठेवूनच हे काम होईल. म्हणजे तुम्हालाच यावं लागेल. दिवस कोणताही चालेल, पण भाऊबीजेला घरात माणसं असतात, ताट केलेलं असतं, तर तो सोयीचा. डिंभ्याच्या एसटीचा भरवसा धरू नका, मोटारसायकलवर या, आणि दिवस मावळायच्या आत या. उशीर झाला तर ती अंगणात जाईल.

शेवटचं ता.क. — हे साळुबाईला दाखवलेलं नाही. फोन अडकत होता म्हणून मी तो पुसला नाही. त्या दिवशी आपलं बोलाचालीवर आलं तेव्हा मी रागाच्या भरात तुमचा नंबर ब्लॉक केला. तो परत मोकळा कसा करायचा ते मला येईना. कोणाला विचारावं तर तो नाव वाचणार, आणि सगळ्या वाडीला कळणार की गेणभाऊनं सख्ख्या मेव्हण्याला कोंडून ठेवलं आहे. म्हणून सगळाच फोन धुऊन काढला. तेजस्विनी म्हणाली की ते दोन बटनांचं काम होतं.

आणि लग्नात यादी अडकली नव्हती. माईकवाल्यानं शेवटपर्यंत वाचली. तुमचं नाव मी लिहिलंच नव्हतं. मामा घरचाच आहे, त्याचं नाव काय लिहायचं, असं मला वाटलं. वाटायला नको होतं. ड्रायव्हरला टोपी दिली आणि तुम्ही पोरीच्या मागे उघड्या डोक्यानं उभे होता, ते मला अजून दिसतं. टॉवेल-टोपी मी दुसऱ्याच आठवड्यात आणून ठेवली आहे, गेली भाऊबीज ती ट्रंकेतच राहिली. टोपी काल मी घालून बघितली. मला कानापर्यंत आली, म्हणजे तुम्हाला बरोबर बसेल.