नळीत शिजलेला चीक

गंगापूर रोड, नाशिक
मे १९८२

प्रिय लता,

रविवारी तू आक्कांना परत गावी, सायखेड्याला न्यायला येणार, म्हणून घाईनं लिहितेय. घरी सगळे खुशाल. फक्त परवा स्वयंपाकघरात तळं झालं होतं.

तुझी आई, आपल्या आक्का, इथे रमल्या नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. भांडी उभ्यानं, भाजी उभ्यानं. ‘दवाखान्यातल्या नर्सवानी दिसभर उभंच ऱ्हायचं का?’ म्हणायच्या. त्यात मी त्यांना आराम म्हणून शक्यतो कशाला हात लावू द्यायची नाही. त्यांनी आपल्या तीन लुगड्यांचं गाठोडं बांधून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं, तेव्हा खरं सांगते, मला ते बघवेना. माझी आई मी लहान असतानाच गेली. बाहेरून घरी आल्यावर ‘जेवलीस का गं?’ म्हणून विचारणारं माणूस मला याच घरात मिळालं.

जायच्या आधी वर्षाच्या कुरडया करून देते म्हणाल्या. गहू भिजवले, वाटले, चीक काढला. पातेल्यांच्या तळाला राहिलेला चीक धुऊन सगळा सिंकमध्ये सोडला. गावाकडे मोरीचं पाणी सरळ अळूच्या वाफ्यात जातं. इथे खाली वाकडी नळी असते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पाणी तुंबलं. मग मी शहाणी पुढे सरसावले. शेजारच्या चिमणाबाईंचा उपाय, उकळतं पाणी आणि मूठभर मीठ! दिलं ओतून. आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘अगं निर्मला, आधण घातलं, मीठ घातलं, आता नळीत चीक शिजला की!’

लता, आम्ही दोघी फरशीवर बसून इतक्या हसलो की डोळ्यांना पाणी आलं. मग आक्कांनी पदर खोचला, तुझ्या दादाच्या स्कूटरचा पाना मागितला आणि सिंकखाली शिरल्या. बादली ठेवायचं दोघींनाही सुचलं नाही. नट सुटला आणि पाण्याचा लोंढाच आला. ‘फडकं आण, फडकं!’ मी हाताला लागलं ते पुढे केलं, ते नेमकं त्यांचं गाठोडं! तिन्ही लुगडी चिंब. पाठोपाठ नळीच्याच आकाराचा पांढरा, चकचकीत चीक सुळकन बाहेर आला. तो निरखून म्हणतात कशा, ‘लय झ्याक शिजलाय. जिरं तेवढं ऱ्हायलं.’

मग चांगला चीक शिजवला आणि गच्चीवर कुरडया घातल्या. सोऱ्या मी दाबत होते आणि आक्का ओरडत होत्या, ‘जोर लाव, जेवत नाय का तू?’ लग्नानंतर पहिल्यांदा त्या माझ्यावर ओरडल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

कुरडयांशेजारीच लुगडी वाळत घातली होती. संध्याकाळी आक्कांनी ती काढली, घड्या केल्या आणि माझ्या कपाटात माझ्या साड्या बाजूला सारून ठेवून दिल्या. आज केरू गवंडी येऊन गेला. कोपऱ्यात बसकी मोरी करायची आहे, बसून भांडी घासता येतील अशी. कठडा किती उंच, ते आक्कांनीच त्याला बसून दाखवलं.

म्हणून हे पत्र. रविवारी जरूर ये, जावईबापूंनाही आण, कुरडया तळते. पण आक्कांना न्यायला येऊ नकोस. राहते असं त्या तोंडानं म्हणालेल्या नाहीत, मीही विचारलं नाही. गाठोड्याचं फडकं मात्र त्यांनी स्वच्छ धुऊन, फाडून, सिंकखाली पुसायला ठेवलंय.

तुझीच वेडी वहिनी,
निर्मला