अर्ध्या राशीचा डाव

इस्लामपूर,
२ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. शिरवळला तुझी रात्रपाळी संपली का? वहिनीचा खोकला कसा आहे? शिवांजलीला सांग, वक्तृत्व स्पर्धेचं भाषण आत्या लिहून देणार नाही. मुद्दे विचार म्हणावं, बोलायचं तुझं तू. इकडे मळ्यातला ऊस गुडघ्याला लागला आहे. ऊन फार आहे, पण ते तिकडेही असणार.

फोनवर मी भाषण करते आणि तू "बरं, बरं" म्हणून ठेवतोस. म्हणून कागद घेतला. हा तुला मध्येच ठेवता येईल, पण परत उचलशील, एवढं मी तुला ओळखते.

पाडव्याचा डाव झाला. आबांच्या जागेवर घोंगडीवर मी बसले. तू बजावलं होतंस, "बस, पण लढू नकोस. पहिली पानं बघ, टाक आणि ऊठ. भावकीत हसं नको." तू सांगितलंस ते मी ऐकलं. मानलं नाही.

वहिनी हे वाचेल, तिच्यासाठी लिहिते. आपल्या विहिरीवर तीन घरांची, म्हणजे आपली, चुलतभाऊ पृथ्वीराजची आणि भावकीतल्या गुंडातात्यांची, पाळी सारखीच. पण वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. तेव्हा पाऊस पडेपर्यंत दिवसाचं पाणी कुणी घ्यायचं आणि रात्री कुणी जागायचं, हे पत्त्यांवर ठरतं. एक चिंचोका म्हणजे दिवसाची एक पाळी. खेळ आबांनी पलटणीतून आणला. प्रत्येकाला एकेक करून सात पानं, त्यातली चार उघडी, तीन झाकलेली; पान येईल तशी चिंचोक्यांची चाल द्यायची, नाहीतर पानं टाकायची. मधली रास दोघांत फुटते : अर्धी सगळ्यात भारी पानांना, अर्धी सगळ्यात हलक्या पानांना. मात्र हलक्यांत पाच वेगवेगळी पानं हवीत आणि अठ्ठीच्या वरचं एकही चालत नाही. तसं कुणाचं जुळलं नाही तर भारीवाला सगळी रास उचलतो.

शेवटच्या डावापर्यंत मी सांभाळून खेळले. मग पाच पानं आली : एक्का, दुर्री, तिर्री, पंजी आणि एक राजा. चार उत्तम हलकी, पाचवं निरुपयोगी. समोर पृथ्वीराजच्या दोन राण्या उघड्या. गुंडातात्यांपुढे छक्की, सत्ती आणि दश्शी. म्हणजे भारी अर्धं पृथ्वीराजचं. उरलेल्या अर्ध्यासाठी तात्या आणि मी. आणि माझं तर अजून जुळलंच नव्हतं.

आबा म्हणायचे, अर्ध्यासाठी सगळं लावू नये. मला ठाऊक आहे. पण आबा हेही शिकवायचे की आधी घोंगडीवर बघ. मी बघितलं. मला हवी होती त्यातली दोनच पानं उघडी पडली होती. माझं जुळलं तर तात्यांच्या सत्तीपेक्षा हलकं जुळण्याचीच शक्यता जास्त होती. आणि चिंचोके टाकणारे तिघं असले, तर अर्धी राससुद्धा आपण घातल्यापेक्षा जास्त भरते. मी चाल दिली.

सहावं पान गुलाम आलं.

पृथ्वीराजनं चाल वाढवली, तात्यांनी त्यावर आणखी वाढवली. दोघांच्या मध्ये मी, दोन्हीकडून दाबलेली. आता खरंच टाकायची वेळ होती. एकच पान उरलं होतं. मी पानं खाली ठेवणार होते, दादा. हात निम्म्यावर गेला होता.

तेवढ्यात पृथ्वीराज हसला. "आक्का, टाक की. कशाला जीव खातीस? वीरधवलदादानं रान मला वाट्यानं द्यायचं कवाच ठरवलंय. त्यो टाकून मोकळा झाला, तूच बसलीयास धरून."

तात्या त्याच्यावर ओरडले, "ए गड्या, डावात रानाचं काढू नगंस." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तुला ठावं न्हवतं व्हय गं?"

मला ठाऊक नव्हतं. मी गावोगाव उभी राहून बायकांना सांगते की सातबाऱ्यावर नाव असेल तर तोंड उघडा. टाळ्या पडतात. आणि माझ्या नावाच्या रानाचा सौदा मला चुलतभावाच्या तोंडून, पत्ते हातात असताना कळतो!

मी म्हणाले, "तात्या, पानं वाटा." आणि उरलेले सगळे चिंचोके मध्ये सारले.

तू विचारशील, हिशेबानं की रागानं? पाचव्या पानापर्यंत हिशेबानं. सहाव्यानंतर रागानं. खोटं कशाला लिहू? पण त्या क्षणी पानं टाकणं म्हणजे तुझ्या सौद्याला मान डोलावणं होतं, आणि ती मान माझी आहे.

आता ज्यावर मी इतका वेळ येत नव्हते ते. सातवं पान राजा आलं. दोन राजे! हलकं पान हवं असताना, नको त्या वेळी घरात पाहुणे आल्यासारखे. पृथ्वीराजच्या राण्यांबरोबर दोन नव्व्या निघाल्या, म्हणजे माझ्या एका जोडीवर त्याच्या दोन; तात्यांची सत्तीपर्यंतची पाच हलकी जुळली. रास दोघांत फुटली. आपल्याकडे एकही चिंचोका उरला नाही. पाऊस पडेपर्यंत आपल्या उसाला दिवसाचं पाणी नाही.

हरले. कोरडं लिहिते : हरले. आणि तीच पानं, तोच टोमणा पुन्हा आला तर पुन्हा खेळेन.

उठताना तात्या म्हणाले, "तुझा बा आसता तर पानं टाकली आसती त्यानं." मी म्हणाले, "आबांना कुणी टाका म्हणून हिणवलं नव्हतं." ते लय हसले, पृथ्वीराज नाही हसला.

आता तू म्हणशील, बाई माणूस रात्री मळ्यात कशी जाईल, त्यापेक्षा दे वाट्यानं. हेच तुझं आधीपासून ठरलेलं वाक्य होतं ना? तर ऐक. रात्रीची पाळी आपलीच आहे, ती पत्त्यांत जात नाही. सोमवारची पहिली मीच घेतली. गमबूट घेतलेत, बॅटरी घेतली आहे. चार सऱ्या फुटल्या, त्या मीच बांधल्या. ऊस प्यायला आहे.

तुला शेती नको असेल तर तुझा वाटा तू सोड, मला दुःख होईल, पण मी अडवणार नाही. माझा मात्र सोडायचा नाहीस. पृथ्वीराजनं काल कोरा स्टँप आणून दाखवला. "आक्का, हितं एक सही." त्याला चहा दिला आणि परत पाठवला. तुझ्याकडेही येईल तो. तेव्हा सांग त्याला, माझी सही पाहिजे तर हे पत्र घेऊन जा. याखेरीज दुसऱ्या कागदावर ती मिळणार नाही.

तुझी धाकटी, आणि निम्म्या रानाची मालकीण,
संयोगिता