लिहून पाठवा

बाबा, सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसतेय. दोनदा उठले, एकदा कुकर बंद करायला आणि एकदा उगाच. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही विचारावं असं वाटलंच नाही, कारण तुमची उत्तरं मला पाठ आहेत असं मी धरून चालले होते. आता तुमच्याच कंट्रोल रूममध्ये बसते. फोनच्या जागी स्क्रीन आलेत, भिंतीवरचा नकाशा लुकलुकतो, पण काम तेच. राज्याला किती वीज लागणार, ती कुठून आणायची, आणि कमी पडली तर कोणाचा पुरवठा तोडायचा.

मी आठवीत होते. मे महिना, आई नागपूरला मामाकडे गेलेली, म्हणून तुम्ही मला ऑफिसात घेऊन गेलात. तुमच्या खुर्चीमागे उंच लाकडी बाकावर मी बसले आहे, पाय जमिनीला पुरत नाहीत. केंद्राच्या कंट्रोल रूममधून फोन येतो. तुमचं राज्य जास्त वीज ओढतंय, ताबडतोब कमी करा. आणि तुम्ही म्हणता, "साहब, यह हमारे बाँध की बिजली है। काटना है तो लिखकर भेजिए।" माझ्या अंगावर काटा आला होता. दिल्लीला कोणी असं बोलू शकतं आणि तो माणूस माझा बाप आहे! संध्याकाळी कोटऱ्याला, आपल्या कॉलनीत, घरी आलो तर दिवे नव्हते. शेजारच्या काकू म्हणाल्या, दुपारपासूनच गेलेत. मी त्यांना तुमचा पराक्रम सांगायला लागले, तर तुम्ही माझा दंड धरून आत ओढलंत. "ऑफिसातलं बाहेर बोलायचं नाही. कळलं?" एवढ्या जोरात तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हतात. मला वाटलं, स्वतःची बढाई नको म्हणून; केवढा हा साधेपणा.

आता केंद्राचा नवा नियम आलाय. आपल्या धरणाचं पाणी कधी सोडायचं, कुठली वीज आधी वापरायची, हे तिकडून ठरणार. राज्याने हरकत घेतली. तिचा मसुदा मी लिहिला, सुनावणीत मीच बोलले. तो नियम चूक आहे, हे मी अजूनही म्हणते. इथल्या उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता कुठल्या वस्तीचा घसा कोरडा पडतो, ते तिथे बसलेल्याला कसं कळणार? पण मला तुम्हाला सांगायचंय ते हे नाही.

दोन आठवड्यांपूर्वीची दुपार. ड्यूटीवर मी मुख्य. शेजारी तुमच्या हाताखाली शिकलेले जुने ऑपरेटर, या महिन्यात निवृत्त होणारे. केंद्राकडून निरोप आला की ताबडतोब भार कमी करा. त्यांनीच आपलं धरण बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि आता आपणच तोडायचं! मी फोन उचलला. "लिखकर भेजिए।" सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मला ते आवडलं, बाबा. ऑपरेटर म्हणाले, "मॅडम, फ्रिक्वेन्सी गिर रही है। काट दें?" तुम्हाला माहीतच आहे, ती पडत गेली की सगळी यंत्रणाच बसते. मी म्हटलं, "रुकिए।" दोन मिनिटांनी त्यांनी परत विचारलं. मी परत तेच. अकरा मिनिटं मी त्यांना थांबवलं. मग यंत्रणेने स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वस्त्यांचे फीडर तोडले. आपण तोडतो तेव्हा आधी बघतो, दवाखाना कुठे आहे, कोणाला आधी कळवायचं. यंत्र बघत नाही. बघता बघता अर्धं शहर गेलं, बाग सेवनियाही गेलं.

बाग सेवनियात मावशी राहते, तिसऱ्या मजल्यावर. वर्षभर ती घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. इन्व्हर्टर अर्ध्या तासात बसला. तिने मला सहा वेळा फोन केला. माझा फोन नियमाप्रमाणे बाहेर लॉकरमध्ये होता. शेवटी समोरचे, पिपलानीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांचा जावई, या दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं आणि गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिचे ओठ निळे पडले होते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेटरना चहाच्या टपरीवर गाठलं. म्हटलं, "बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "बेटा, बुरा मत मानना। साहब फोन पर लिखने को बोलते जरूर थे। पर उसी वक्त टेबल के नीचे हाथ से इशारा कर देते थे हमको, काट दो। और सबसे पहले कोटरा कटवाते थे। कहते थे, पहले मेरे घर का।"

मी मागे बाकावर होते, बाबा. मला तुमचा आवाज ऐकू येत होता, हात दिसत नव्हता. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी तेरा वर्षांची होते हे ठीक. पण मी याच नोकरीत लागले तेव्हा? पेढे वाटत तुम्ही अख्खी कॉलनी फिरलात, आणि हे एवढं एक सांगायला तुम्हाला वेळ मिळाला नाही? की फोनवर भांडणारा बाप मला आवडतो, हे तुम्हालाही आवडत होतं? त्या दुपारच्या चौकशीत मी लिहिलंय, लेखी आदेशाची वाट पाहिली. ते खोटं नाही. म्हणूनच ते एका दमात लिहून झालं.

मावशी आता घरी आलीय. परवा तिला मोसंबी सोलून देत होते. ती सावकाश, दम घेत बोलते. म्हणाली, "दिल्लीवाल्यांनी तोडली ना गं लाईट? पेपरात आलंय. तुम्ही बिचारे काय करणार." मी हो म्हणाले. आणि सालं उचलून आत गेले.

तुम्हाला हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून शेवटी लिहिता तरी आलं. ज्या मावशीला मी हो म्हणाले, तिचं घर मात्र स्कूटरने वीस मिनिटांवर आहे.