एकतिसाव्या पानावरचं उणे

३ ऑक्टोबर

समारंभाचा फलक आला. बारा फुटी! मधोमध कृष्णविवर, भोवती तेजाचं कडं. जवळ जाऊन पाहिलं तर कड्यावर नक्षी. टायर आहे तो! संचालकांना सांगितलं. हे मेलिस जानिशोविच मला एजे, म्हणजे ताई, म्हणतात. म्हणाले, "बुरुल-एजे, गोल आहे ना? काळा आहे ना? मग?"

यावर आमची संस्था चालते.

५ ऑक्टोबर

समारंभ अकरा नोव्हेंबरला ठरला. आगायच्या — माझ्या गुरुजींच्या, इशेनकुल कादिरोव यांच्या — सिद्धांताला चाळीस वर्षं होतायत. फिरत्या कृष्णविवरात पडलेली वस्तू चिरडली जात नाही, पलीकडे दुसऱ्या विश्वात निघते, असा तो सिद्धांत. मॉस्कोच्या शोधपत्रिकेत निबंध म्हणून छापून आला होता. तेव्हा आम्हाला स्वतःचा देश नव्हता, पण स्वतःचं पलीकडचं विश्व होतं!

आजच्या बैठकीत संचालकांना सुचलं की तंबूच्या छताला धुरासाठी गोल भोक असतं, तेच कृष्णविवर. "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं!"

मी म्हटलं, "त्या भोकातून धूर बाहेर जातो. कृष्णविवरातून काही बाहेर येत नाही."

"पलीकडे जातो ना? तोच तर सिद्धांत!"

लेखनिक बाईंनी इतिवृत्तात घेतलंसुद्धा.

मुख्य भाषण माझ्याकडे. अर्धा तास! म्हणजे तो निबंध पुन्हा वाचणं आलं. वीस वर्षं झाली उघडून.

१४ ऑक्टोबर

पान एकतीस. तिथे उणे आहे. अधिक हवं.

१५ ऑक्टोबर

तीनदा केलं गणित. तिन्ही वेळा तेच. अधिक घातलं की पलीकडचं दार बंद. आत पडेल ते चिरडलं जाणारच. पलीकडे काही नाही. माझा प्रबंधही त्याच पानावर उभा आहे. दुपारी समोसा घेतला, तसाच ठेवला.

१९ ऑक्टोबर

संचालकांना सांगितलं. त्यांनी उठून आधी दार लावलं.

"हे कुणाला कळणार?"

"मला कळलंय."

"तुम्ही सोडून?"

मग ते काकुळतीला आले. "एजे, उपमंत्री येतायत. मेजवानीच्या सात मेंढ्या सांगून झाल्यात. एका आडव्या रेघेसाठी?"

उभी रेघ राहिली, म्हटलं. अधिकला दोन लागतात.

बाहेर पडताना फार बरं वाटलं. या इमारतीत खऱ्याची चाड असलेलं एक तरी माणूस आहे — मी!

२६ ऑक्टोबर

आगायकडे गेले. ब्याऐंशी वर्षं. डोळे जवळजवळ गेलेत, माणसाची नुसती कडा दिसते म्हणतात. त्यांच्या पत्नी झुउरा-आपांनी चहा दिला, तळलेल्या कणकेचे बोरसोक पुढे सरकवले. मी एक हातात धरून बसले आणि सांगून टाकलं.

"वाच," ते म्हणाले.

एकतिसावं पान ओळ न् ओळ मोठ्याने वाचलं, मग माझं गणित. ते बोटाने टेबलावर लिहीत होते. मध्येच बोट थांबलं. मला वाटलं, काही विचारणार.

"कुणी दुसऱ्याने तपासलंय?"

"नाही. मीच. तीनदा."

"मग झालं. पोरी, माझे डोळे आता तूच."

आपा दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "समारंभ होऊ द्यायचा होतास. काय अडलं होतं तुझं?"

"सत्याला तारखा नसतात, आपा."

काय वाक्य सुचलं! बसमध्ये दोनदा मनात म्हणून पाहिलं.

११ नोव्हेंबर

झालं एकदाचं.

आधी उपमंत्री बोलले. दुसऱ्या विश्वात शेजाऱ्यांच्या आधी आपला झेंडा लागला पाहिजे, त्यासाठी उपसमिती नेमू. टाळ्या. मग माझी पाळी. पण आगायनीच हात वर केला. पांढरी उंच टोपी घालून उभे राहिले. माइक हुकला, चाचपून धरला.

"माझ्या निबंधात एकतिसाव्या पानावर चूक आहे. दार नाही. ही चूक माझ्या शिष्येने शोधली. चाळीस वर्षं तुम्हाला भलतंच सांगितलं. माफ करा."

मग उपमंत्री उठले — "केवढी ही नम्रता!" — आणि आगायच्या खांद्यावर मानाचा भरजरी झगा चढवला. बाहेर घोडाही बांधलेला होता, तोही दिला. संचालक क्षणभर पांढरे पडले होते, लगेच माइक घेऊन गरजले, "दुसरं विश्व नाही, हे जगात सर्वप्रथम आपण सिद्ध केलं!" पुन्हा टाळ्या. मेंढ्या वाया गेल्या नाहीत.

गाडीत आगायचा हात हातात घेतला. थंडगार होता.

१३ नोव्हेंबर

पेपरात माझा फोटो. 'सत्यासाठी गुरूचीही भीड न धरणारी'. कापून ठेवला. तीन अंक जास्तीचे आणले.

२० नोव्हेंबर

अल्माटीहून व्याख्यानाचं बोलावणं! विषय — 'वैज्ञानिकाचा प्रामाणिकपणा'. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी. राखाडी कोट धुलाईला टाकला.

२७ नोव्हेंबर

व्याख्यानासाठी गणित स्वच्छ अक्षरात उतरवायला घेतलं.

मॉस्कोच्या जुन्या पुस्तकांत काळाचं चिन्ह अधिक धरतात, अंतरांचं उणे. मी हल्ली वापरते त्या पुस्तकात बरोबर उलटं. दोन्ही चालतं, एक धरलं की शेवटपर्यंत तेच धरायचं, बस. पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच हे बजावते. तीस पानं मी आगायच्या रीतीने चालले. एकतिसाव्यावर सूत्र उचललं ते माझ्या पुस्तकातलं. तिन्ही वेळा तेच!

त्यांचं उणे बरोबर आहे.

२८ नोव्हेंबर

फोन केला. आपांनी उचलला. आगाय सरोवरावर मासे धरायला गेलेत, पुतण्याबरोबर. सगळ्या वह्या परवाच रद्दीत दिल्या. "पण झोप लागते गं आता त्यांना! म्हणतात, माझ्या पोरीने वेळेवर सांगितलं, नाहीतर खोटं घेऊनच गेलो असतो. का केला होतास फोन?"

म्हटलं, "काही नाही, आपा. सहजच."