औंढ्याची गाय

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन उरकलं आणि लोणावळा भरला. तीन दिवस सलग सुट्टी! जनावरांचा सरकारी दवाखाना बंद, म्हणजे सगळे फोन मला. संध्याकाळी सातला औंढ्याहून कोंडाजी — "म्याडम, गाय चारा घेईना, लाळ गळतीया. कणीस आडाकलंय बघा." कामशेतहून निघाले, गाड्यांच्या रांगेतच दोन तास गेले.

पावसाळ्यात हे नेहमीचंच. लोक मक्याची कणसं खाऊन रस्त्यावर टाकतात, गाई ती गिळतात, एखादं घशात बसतं. या महिन्यातली ही सहावी. कोंडाजींच्या बायकोनं, भामाबाईंनी, गाईची शिंगं धरली, मी हात आत घातला. मोकळाच. अप्पांनी असंच शिकवलं, मी सातवीत असताना, आमच्याच म्हशीवर. "हातमोजा घातला की बोटं आंधळी होतात." ते जनावरांच्या दवाखान्यातच नोकरीला होते. पदवी कॉलेजनं दिली, हात वडिलांनी.

कणीस लागलं नाही. खाली सरकलं असेल म्हटलं. सलाईन लावून रात्री साडेबाराला घरी. मनगटावर गाईच्या दाताचा ओरखडा. साबणानं धुतला.

१६ ऑगस्ट, शनिवार

तीन फोन. अडलेली म्हैस, फुगलेला बैल, पुन्हा तीच म्हैस. जेवताना घास हातात धरूनच झोपले म्हणे.

१७ ऑगस्ट, रविवार

पहाटे पाचला कोंडाजी. "गाय येगळंच वरडतीया. गळा बसल्यावानी. दावं तोडाया बघतीया."

लाळ. गिळता न येणं. बसलेला आवाज. कणीस नव्हतंच! फोनवरच ओरडले — कुणी जवळ जाऊ नका!

पोचले तेव्हा मागचे पाय गेले होते. कुत्रं चावलं होतं का, विचारलं. भामाबाई म्हणाल्या, "व्हय की, म्हयन्यामागं. जखम भरली, मंग आमी इसारलो." दुपारी गाय गेली. मेंदूचा नमुना पुण्याला पाठवला. पण मला अहवालाची गरज नाही. पिसाळलेली होती.

कणसं, कणसं करत बसले. एक प्रश्न विचारायचा होता, शुक्रवारी. विचारला नाही. झोप येत होती म्हणून? तसं लिहायची लाज वाटते.

माझं कॉलेजातच लसीकरण झालंय, आता दोन इंजेक्शनं पुरतात. पहिलं घेतलं. कोंडाजी-भामाबाईंना लोणावळ्याला नेलं. त्यांनी दोन दिवस गाईला हातानं काढा पाजला होता.

"पोटात चौदा सुया का गं बाई?"

"आता दंडात, मावशी. चारदा."

"मंग आधी ह्यांना टोचा. हे लय वरडत्यात, मला आयकू द्या."

सगळे हसले. मी पण. नंतर बाहेर येऊन पुन्हा हात धुतले.

१८ ऑगस्ट, सोमवार

तीनदा विचारलं — आणखी कुणी तोंडात हात घातला? कच्चं दूध कुणी प्यायलं? कोंडाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "न्हाई. दुसरं कुणी न्हाई."

रात्री दोन फोन. दोन्हीकडे गेले. दोन्हीकडे आधी कुत्र्याचं विचारलं. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, माझ्या शेळीला पोटदुखी हाय, कुत्र्याचं काय?"

२० ऑगस्ट, बुधवार

अहवाल आला. रेबीजच.

दुसऱ्या इंजेक्शनच्या रांगेत कोंडाजी हळूच जवळ आले. "म्याडम, येक ऱ्हायलंच. चौदा तारखंला राती रतनभाऊ येऊन गेलते. त्यांनीबी हात घातलता. पोरीला सांगू नका म्हनले. त्यांचा सबुद मोडवंना."

रतनभाऊ म्हणजे अप्पा.

घरी कशी आले आठवत नाही. अप्पा ओट्यावर पेपर वाचत बसलेले. उजव्या अंगठ्याला नखाजवळ चीर. केवढी जुनी, विचारलं तर म्हणाले, "असेल आठ-दहा दिवसांची. चाळीस वर्षं हात घालतोय, एवढ्यानं काय होतंय?"

"मला का उठवलं नाही?"

"गाढ झोपली होतीस. चार रात्रींची जागी. उठवायचं जिवावर आलं."

लोणावळ्यात लस. जखमेत टोचायचं सीरम पिंपरीत मिळालं. डॉक्टर म्हणाले, सहा दिवस उशीर झालाय, पण द्यायचंच. आता सगळे डोस वेळेवर, आणि वाट बघायची. किती? काही महिने. अप्पा नर्सला म्हणत होते, "बाई, बैलाला सुई द्यायला मी एवढा वेळ लावत नव्हतो."

परतताना गाडीत ते झोपले. मी पूर्ण रस्ता त्यांचा श्वास ऐकत होते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मी झोपले नव्हते. चौदा तारखेला फोन वाजला तेव्हा मी जागी होते. कुणाचा, ते बघितलंसुद्धा नाही, डोळे घट्ट मिटून पडून राहिले. अप्पांची पावलं आली, त्यांनी उशाचा फोन हळूच उचलून नेला. लगेच झोप लागली. सकाळी विचारलं नाही, कुणाचा होता.

बरं वाटलं होतं.